घोडा पाणंदीत उतरला पाहिजे

सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घ्यायला आलेला जाणता माणूस आधी भोवरे बघतो. गळ्याशी देवमण आहे का, डोळ्याखाली आसूढाळ तर नाही ना, पुढच्या पायावरच्या भोवऱ्याचे टोक खाली वळले आहे की वर. खाली असेल तर घोडा खुंटागाड, म्हणजे दावणीला टिकणारा, घर धरून राहणारा. वर असेल तर खुंटाउपाड. असा घोडा फुकट दिला तरी जुनी माणसे दारात बांधून घेत नाहीत. भोवऱ्यांनंतर पाय आणि कपाळ. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असेल तर पंचकल्याणी, म्हणजे किंमत चढलीच. मग कान. मारवाडी आणि काठेवाडी घोड्याच्या कानांची टोके आत वळून एकमेकांकडे झुकतात, ती किती झुकतात ते बघायचे. मग ओठ वर करून दात. हे सगळे मनासारखे जमले की मग कुठे तोंडातून शब्द निघतो, ‘चाल दखाड भाऊ.’

चाल दाखवायला मोकळी पट्टी ठेवलेली असते. घोडेवाला उडी मारून पाठीवर बसतो, लगाम आखडतो आणि घोडा रेवाल चालीने सुटतो. पाठ हलू न देता चारही पाय सुटे टाकत सपाट्याने पुढे सरकणारी ही चाल. स्वाराच्या हातातल्या पेल्यातले पाणी सांडू नये अशी तिची ख्याती. टोकाला घोडा वळतो, परत येतो आणि भावाची बोलणी सुरू होतात. जनावराची परीक्षा संपलेली असते.

ज्याला या घोड्यावर बसून वरातीत मिरवायचे आहे, त्याला एवढी परीक्षा पुरते. पण ज्याला शनिवारी सकाळी गाव सोडून शिवारातून वीस-पंचवीस किलोमीटर जायचे आहे, त्याच्या कामाचे प्रश्न यात कुठेच येत नाहीत. सोबतीला दुसरा घोडा नसताना हा पुढे पाऊल टाकतो का? पाटावरच्या फरशीवरून जाईल की नाक फुरफुरत मागे सरेल? स्वार उतरून काट्याचे फाटक उघडू लागला तर जागेवर थांबेल की घराचा रस्ता धरेल? घोडा खुंट्याला टिकतो की नाही हे आपण पायावरच्या केसांच्या वळणावरून ठरवतो. प्रत्यक्षात ते कळायला दहा सेकंद लागतात.

दहा सेकंद हा आकडा मी हवेतून घेतलेला नाही. युरोपात घोडेस्वारांची ‘ट्रेक’ नावाची एक स्पर्धा भरते. तिथे जमिनीवर एक वर्तुळ आखतात. स्वाराने घोडा आत उभा करायचा, आपण बाहेर यायचे आणि दहा सेकंद घोड्याने जागा सोडायची नाही. बांधायचे नाही, धरायचे नाही. दहापैकी गुण.

या स्पर्धेची चौकट खानदेशाच्या जमिनीवर मांडून बघावी, एवढाच या लेखाचा उद्योग आहे. आपल्याकडे घोडे आहेत, स्वार आहेत, वाटा आहेत. तिन्हींची गाठ पडेल असा खेळ तेवढा नाही.

*

सारंगखेडा आज नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात आहे. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा होईपर्यंत ते धुळे जिल्ह्यात होते, आणि त्याआधी, म्हणजे १९६० पर्यंत, पश्चिम खानदेशात. कागदावर जिल्हे बदलले तरी यात्रेला येणारी माणसे बदलली नाहीत. दोंडाईचा स्टेशनावर उतरायचे, तापीचा पूल ओलांडायचा, की समोर एकमुखी दत्ताचे देऊळ. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, यात्रा सुरू होते आणि तिच्यासोबत घोडेबाजार. परंपरा तीन-साडेतीनशे वर्षांची सांगतात. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश इथून व्यापारी येतात. पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरा, मारवाडी, काठेवाडी, सिंधी, आणि आपले देशी तट्टू. विक्रीची नोंद शहाद्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीकडे होते, म्हणजे इथे घोडा हाही कापूस-मिरचीसारखा बाजार समितीचा माल.

अलीकडे यात्रेला ‘चेतक फेस्टिव्हल’ हे नाव मिळाले. २०१६ ते २०१९ या काळात राज्याचे पर्यटन खाते दोंडाईचाचेच जयकुमार रावल यांच्याकडे होते. तेव्हा तापीकाठी तंबूंचे गाव उभे राहिले, शहरातले पाहुणे आले, छायाचित्रकार आले. घोड्यांच्या स्पर्धाही गाजू लागल्या: रेवाल चाल, दौड, देखणेपणा आणि नाच. नाचाला गर्दी सर्वात जास्त. हलगी-ढोलाच्या ठेक्यावर घोडा पुढचे पाय उचलतो, मागच्या पायांवर तोलतो, बाजेवर चढून नाचतो. तो नाच बसवताना जनावराच्या तोंडातल्या काटेरी लगामाचे काय होत असेल, हा प्रश्न मला दरवेळी पडतो आणि टाळ्यांच्या गजरात तो विचारायला जागा नसते.

या सगळ्यामागे एक रोकडा हिशेब आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टे मिळून सव्वासहा लाख होते. २०१९ च्या गणनेत ते ३ लाख ४० हजारांवर आले. सात वर्षांत जवळपास निम्मे गेले. टांगा गेला, ओझ्याचे तट्टू गेले. उरला तो हौसेचा आणि वरातीचा घोडा. कामच न उरलेल्या जनावराला मिरवण्याखेरीज काय परीक्षा देणार? म्हणून बाजार बघतो ते रंग, कान, उंची, नाच. यात बाजाराचा दोष नाही. मागणी असेल त्याच गुणाला भाव येतो. वाटेवर चालण्याच्या गुणाला भाव यायचा असेल तर त्या गुणाची आधी जाहीर परीक्षा व्हायला हवी.

*

ट्रेकचा जन्म फ्रान्समधला, आणि तोही अशाच एका व्यवहारी गरजेतून. घोड्यावरून पर्यटकांना रानावनात फिरवणारे वाटाडे तिथे तयार होत होते. माणसाला नुसते घोड्यावर बसता येते की त्याच्या हाती पाचपन्नास किलोमीटरवर दुसऱ्याचा जीव सोपवता येतो, हे कसे ओळखायचे? त्या कसोटीतून हा खेळ निघाला. घोडेस्वार पर्यटनाचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९७५ मध्ये स्थापन झाला, तोच या खेळाचे नियम सांभाळतो. स्पर्धा शनिवार-रविवारची, तीन भागांची. नकाशावरच्या वाटचालीला २४० गुण, चालीवरच्या ताब्याला ६०, अडथळ्यांना १६०. निम्म्याहून जास्त गुण पहिल्याच भागाला आहेत, तेव्हा तो नीट समजून घेऊ.

शनिवारी सकाळी खोगीर चढवलेला घोडा बाहेर बांधून स्वार नकाशाच्या खोलीत जातो. टेबलावर एक मूळ नकाशा असतो, त्यावर लाल रेघेने वाट काढलेली. स्वाराच्या हाती त्याच भागाचा कोरा नकाशा. पंधरा-वीस मिनिटांत ती वाट आपल्या नकाशावर उतरवून घ्यायची. वेळ संपली की पेन खाली. बाहेर यायचे, घोड्यावर बसायचे, निघायचे. मोबाइल आधीच पाकिटात सीलबंद झालेला असतो. सोबत होकायंत्र, विजेरी, प्रथमोपचाराची पिशवी, घोड्याची म्होरकी आणि दोर. ज्याने घाईत एक वळण चुकीचे उतरवले, तो पुढे तासाभराने भलत्याच गावच्या शिवारात उभा असतो आणि घोडा त्याच्याकडे बघत असतो.

निघताना पहिल्या टप्प्याचा वेग सांगतात. समजा, ताशी ८ किलोमीटर. पुढे कुठेतरी तपासणीनाका आहे. कुठे, ते सांगत नाहीत. नाक्यावर पोचल्यावर पंच वेळ बघतात. ठरल्या वेगापेक्षा उशीर झाला तरी गुण जातात, लवकर आलात तरी जातात. मिनिटाला एक गुण. नाका चुकला तर पन्नास, नाक्यावर भलत्या दिशेने आलात तर तीस. नाका लांबून दिसला म्हणून झाडाआड थांबून वेळ काढावी, तर त्यालाही बंदी; नाका नजरेत आल्यावर थांबता येत नाही, मागे वळता येत नाही. मग पाच मिनिटे विसावा, पुढच्या टप्प्याचा नवा वेग, आणि पुन्हा वाट. वरच्या पातळीवर मध्येच लाल रेघ संपते आणि हाती नुसते कोन आणि अंतरे येतात: इतके अंश, इतके मीटर. नवशिक्यांना दहा-बारा किलोमीटर, आंतरराष्ट्रीय पातळीला चाळीसच्या आसपास.

हा खेळ शर्यतीचा नाही, हे एव्हाना लक्षात आले असेल. भरधाव सुटणारा घोडा इथे तोट्यात जातो. लागतो तो ठरावीक लयीत तासन्तास चालणारा, आणि वर बसलेला डोके शाबूत ठेवणारा माणूस. साधारण घोडा पाऊलचालीने मिनिटाला शंभर मीटर जातो, दुडकीने दोनशेच्या आसपास. ताशी ८ साठी मिनिटाला १३३ मीटर पडायला हवेत, म्हणजे काही वेळ पाऊल, काही वेळ दुडकी. हा हिशेब लगाम हातात धरून, वाऱ्यावर फडफडणाऱ्या नकाशाकडे एक डोळा ठेवून मनातल्या मनात करायचा. खानदेशी माणूस व्यवहाराला पक्का, त्याला हे अवघड जाऊ नये.

*

नकाशा आपल्याकडे आहे का? आहे, आणि आता तो घरबसल्या मिळतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या पद्धतीत हा सगळा मुलूख ४६ क्रमांकाच्या पत्रकात येतो: धुळे ४६ एल मध्ये, सारंगखेडा ४६ के मध्ये, जळगाव ४६ ओ आणि पी यांच्या हद्दीवर. एके काळी ही पत्रके मिळवायची म्हणजे अर्ज-विनंत्या आल्या. २००५ च्या नकाशा धोरणाने सामान्यांसाठी वेगळी मालिका काढली, २०१७ पासून ती फुकट उतरवून घेता येऊ लागली आणि २०२१ मध्ये उरलीसुरली बंधनेही बरीच सैल झाली. प्रमाण एकास पन्नास हजार, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. फ्रान्समध्ये स्पर्धेला वापरतात तो नकाशा याच्या दुप्पट मोठ्या प्रमाणाचा असतो. आपल्या नकाशावर ताशी ८ च्या वेगाने घोडा मिनिटाला पावणेतीन मिलिमीटर सरकेल. पेनाची रेघ जाड आली तर अर्धा मिनिट त्या शाईतच बुडाला. होकायंत्राची मात्र इथे चैन आहे. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत खानदेशात अंशभराचाही फरक नाही, तेव्हा युरोपातल्या स्वाराला करावी लागते ती वजाबाकी आपल्याला नाही.

खरी मेख पुढे आहे. सर्व्हेच्या पत्रकावर गाडवाट दिसते, पण ती आज उघडी आहे का, हे पत्रक सांगत नाही. त्यासाठी तलाठ्याकडचा गावनकाशा काढावा लागतो. त्यात पायवाट एकेरी तुटक रेघेने दाखवलेली असते आणि तिची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. गाडीमार्ग दुहेरी तुटक रेघेचा, साडेसोळा ते एकवीस फुटांचा. दोन गावांच्या शिवेवरून जाणारे शिवरस्ते वेगळे. हे सगळे कागदावर शाबूत आहे. प्रत्यक्षात साडेसोळा फुटांच्या पाणंदीत दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी दरसाल एकेक तास नांगर आत घातलेला असतो, आणि मधोमध बाभूळ वाढलेली असते. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चा, त्याच्या कलम ५ खाली अडवलेली वाट मोकळी करून मागता येते. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. तहसील कचेऱ्यांत या दोन कलमांची प्रकरणे थप्पीने पडलेली आहेत. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत पाणंद रस्ते योजना आली, तिच्यातून काही वाटांवर मुरूम पडला.

घोड्याला मुरूम नसला तरी चालतो. त्याला सव्वाआठ फूट रुंदी आणि डोक्यावर बाभळीची फांदी नसणे, एवढे पुरते. स्पर्धेची वाट आखायची म्हणजे महिनाभर आधी कुणीतरी गावनकाशा हातात घेऊन प्रत्येक पाणंद चालून बघणार, ग्रामपंचायतीला विचारणार, कुठे फाटक आहे, कुठे विहीर उघडी आहे, कुठे वाट नांगरली गेली ते टिपणार. पाणंद मोकळी करायला शेतकरी एकमेकांसाठी तयार होत नाहीत, पण वर्षातून एकदा बाहेरगावचे पन्नास घोडे जाणार आणि गावात मुक्काम करणार म्हटल्यावर होतील, असा माझा अंदाज आहे. यात्रेसाठी आपण काय काय मोकळे करतो ते पाहिलेले आहे.

*

या मुलखाला घोड्यावरची लांब वाट नवी नाही. सुरत ते बऱ्हाणपूर हा मुघल काळातला हमरस्ता तापीच्या खोऱ्यातूनच जात होता. इंग्रज वकील सर टॉमस रो नोव्हेंबर १६१५ मध्ये याच वाटेने बऱ्हाणपूरला गेला. त्याचे मुक्काम आजही बसच्या पाट्यांवर वाचता येतात: नवापूर, नंदुरबार, निमगूळ, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर. निमगूळ दोंडाईचाजवळच. म्हणजे सारंगखेड्याच्या घोडेबाजारापासून ही वाट एका सकाळच्या अंतरावर होती. थाळनेरचा किल्ला उभा राहिला तो तापीचा उतार राखायला. नदी जिथे घोड्याच्या पोटाला लागेल एवढीच खोल, तिथे किल्ला.

ते उतार आता पाण्याखाली आहेत. सारंगखेडा, प्रकाशा, सुलवाडे इथे बॅरेज झाली, हिवाळ्यातही नदी तुडुंब दिसते. शेतीला ते बरे झाले. घोड्याने तापी ओलांडायचे दिवस मात्र गेले. वाट आखणाऱ्याला एकच काठ धरावा लागेल किंवा पूल. मालट्रकच्या बाजूने पुलावरून जाणारा घोडा ही वेगळीच परीक्षा, नवशिक्यांना ती देऊ नये. ओढे-नाले पुष्कळ आहेत, पाण्यातून जायची हौस तिथे भागेल.

वाटाड्यांचाही इतिहास आहे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला ठाणे केले, आणि पुढची सात वर्षे सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगरांतल्या भिल्लांपुढे पलटणींची मात्रा चालली नाही. कवायती फौजेला वाट सापडत नव्हती, हे त्यातले मोठे कारण. १८२५ मध्ये लेफ्टनंट जेम्स आउट्रमने आजच्या जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावला भिल्ल कोअर उभी केली. ज्यांना रान ठाऊक होते त्यांनाच त्याने नोकरीत घेतले. राज्यकर्त्याच्या सोयीचा डाव होता तो, त्याचे कौतुक करायचे कारण नाही. पण नकाशा हाती असलेल्या साहेबाला नकाशाशिवाय चालणाऱ्या माणसाकडे यावे लागले, हे धरणगावात घडले.

आजही नकाशा न बघता चालणारे आहेत. धुळे-साक्री-शिंदखेडा भागातले ठेलारी मेंढपाळ पावसाळा संपला की मेंढ्या घेऊन बाहेर पडतात आणि त्यांचे बिऱ्हाड तट्टांच्या पाठीवर असते: पाल, भांडी, कोंबड्या, वर एखादे पोर. त्या तट्टाला कुणी भोवरे विचारत नाही. ते वाहनांच्या भोंग्याला बिचकत नाही, खुंट्याशिवाय चरते, अनोळखी पाण्यात पाय घालते. २०२४ च्या आरंभी भीमथडी घोड्याला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणी मिळाली, तीही पुणे-सोलापूरकडच्या फिरस्त्या धनगरांनी हे जनावर ओझ्यासाठी जपले म्हणून. पेशव्यांच्या स्वाऱ्यांचा घोडा तो. तो टिकला पागेत नाही, पालाशेजारी. ट्रेकच्या तिसऱ्या भागातले सोळा अडथळे ऐका: खाली वाकलेल्या फांद्यांखालून जाणे, फाटक घोड्यावरूनच उघडून लावणे, चिंचोळ्या जागेत मागे सरणे, लाकडी पूल, पाणी, चर, ओंडका, उतरंडीवर उतरून घोडा हाताने नेणे, उजव्या बाजूने चढणे, आणि ते वर्तुळ. ठेलाऱ्याचे तट्टू यातले निम्मे रोज करते. लाखांच्या घरातला नुकरा आणि ते खुजे तट्टू एकाच वाटेवर सोडले, तर मी पैसे कुणावर लावीन हे सांगायला नको.

*

आता समजा कुणी नाव नोंदवायचेच ठरवले. यात्रेच्या आठवड्यात ही स्पर्धा घेऊ नये. गर्दीत घोडे आधीच बावरलेले असतात आणि पोलिसांना दुसरी कामे असतात. जानेवारीचा मध्य चांगला. पहाटे अंगावर काटा येतो, दुपारी मात्र ऊन लागते. कापसाच्या वेचण्या उरकत आलेल्या, दादर ज्वारी निसवलेली. उभ्या दादरीत घोडा शिरला तर गुणांचा प्रश्न राहत नाही, भरपाईचा होतो.

सारंगखेडा, अनरद, कळंबू, कुकावल हा काळ्या मातीचा सपाट पट्टा नवशिक्यांना बरा. सपाट जमीन म्हणजे सोपी, असे नकाशा वाचणाऱ्याने समजू नये. समोच्च रेषा विरळ, डोंगर नाही, खूण म्हणून धरावे असे काही नाही. एका पपईच्या बागेसारखी दुसरी. विहिरी, विजेच्या तारांची दिशा, नाल्याचे वळण यांवरच भिस्त. नदीच्या काठाला पिवळ्या मातीच्या घळी पडल्या आहेत, तिथे वाट एकदम खाली उतरते आणि आकाश तेवढे दिसते.

जळगावच्या बाजूला, यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात, प्रकरण आणखी बिकट. केळीच्या बागेत घोड्यावर बसूनही दहा फुटांपलीकडचे दिसत नाही. शिवाय ठिबकच्या नळ्या. या जिल्ह्याने देशाला ठिबक शिकवले, आणि नाल मारलेला खूर ठिबकच्या नळीवर पडला तर ती फुटलीच. तेव्हा तिथे वाट बागेबाहेरच्या रस्त्यानेच, आणि तसे नियमातच लिहिलेले असावे. यावलच्या पुढे पालकडे सातपुड्याचा चढ लागतो, ती वाट जाणत्यांसाठी. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याची परवानगी लागेल आणि ती सहज मिळेल असे समजून चालू नये. धुळ्याच्या बाजूला तापी-पांझरेच्या संगमावर मुडावदला कपिलेश्वराचे देऊळ आहे. तिथल्या झाडांखाली दुपारच्या विसाव्याला पन्नास घोडे मावतील. पाणी मात्र मोजून ठेवावे लागेल. एका घोड्याला दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर लागते, पन्नासांचा हिशेब टँकरवर जातो.

पशुवैद्यकाशिवाय यातले काही सुरू होऊ शकत नाही. लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत नाक्यावर घोड्याची नाडी मोजतात. विसाव्यात ती मिनिटाला ६४ किंवा त्याखाली आली नाही, तर घोडा बाद. स्वस्थ उभ्या घोड्याची नाडी तीस ते चाळीस. स्वार कितीही मोठ्या घरचा असो, आकड्यापुढे त्याचे चालत नाही. ही शिस्त सारंगखेड्याच्या मैदानात आली तर फार बरे होईल. नाचाच्या स्पर्धेआधी आणि नंतर नाडी मोजली तर काय आकडे येतील, तेही कळेल. शिवाय ग्लँडर्सची तपासणी. घोड्याकडून माणसालाही होणारा हा रोग आहे, आणि दहा जिल्ह्यांचे घोडे एका हौदावर पाणी पिणार असतील तर रक्ताच्या चाचणीचा कागद बघितल्याशिवाय फाटकातून आत घेऊ नये.

स्वाराच्या बाजूने तयारीला तीन महिने धरावेत. घोडा दौडवण्यात ते घालवायचे नाहीत. पहिला महिना पाऊलचाल, रोज तास-दीड तास, एकट्याने. वरातीच्या घोड्याला माणसांची गर्दी चालते, एकांत चालत नाही. मोकळ्या शिवारात तो पहिल्यांदा गेला की सावलीला बिचकतो. दुसऱ्या महिन्यात फरशी, पाट, ओढा, फाटक. काटेरी लगाम काढून साधा घालायला याच महिन्यात शिकवायचे, आणि त्यात मालकाचाच जास्त कस लागतो. तिसऱ्या महिन्यात नकाशा. आधी पायी, मग सायकलवर, मग घोड्यावर. एनसीसीत नकाशावाचन शिकलेली पोरे-पोरी प्रत्येक कॉलेजात आहेत, ज्यांनी घोड्याला कधी हात लावलेला नाही. आणि घोड्यावर वाढलेली पोरे आहेत, ज्यांनी होकायंत्र धरलेले नाही. ट्रेकमध्ये जोडीनेही उतरता येते. या दोघांची जोडी लावली तर निम्मी तयारी तिथेच झाली. हेल्मेट सक्तीचे आहे. फेट्यावर हेल्मेट बसत नाही, हा पहिला वाद.

दुसरा वाद रविवारी सकाळी होईल, आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. मधल्या भागात, साठ गुणांच्या, दीडशे मीटर लांब आणि दोनेक मीटर रुंद असा पट्टा आखतात. एकदा त्यावरून घोडा शक्य तितक्या हळू धावचालीने न्यायचा, एकदा शक्य तितक्या झपाट्याने पाऊलचालीने. तीस-तीस गुण. मध्ये चाल मोडली की शून्य. जोर असून तो आवरता येतो का, आणि घाई असून पाऊल सुटत नाही ना, एवढेच बघायचे.

आता तिथे रेवाल चालीचा घोडा आणा. स्वार त्याला झपाझप पाऊल टाकायला सांगणार, आणि घोडा पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने पाऊल आणि दुडकी यांच्या मधल्या त्या तिसऱ्याच चालीत घुसणार. चारही पाय सुटे पडताहेत, म्हणजे ठोके मोजणारा पंच म्हणेल हे पाऊलच. वेग मात्र पावलाच्या दुपटीचा. बाजूला उभा असलेला शहाद्याचा घोडेवाला म्हणेल, गुण पुरे द्या, याहून चांगली चाल तुमच्या फ्रान्सात तरी आहे का? पुण्याहून आलेला पंच नियमाचे पुस्तक उघडेल. आइसलँडच्या घोड्यालाही अशीच एक जादा चाल आहे, हा दाखला कुणीतरी काढेल. कुणी म्हणेल, रेवालीला वेगळा तक्ता करा. कुणी म्हणेल, मग ती आपली स्पर्धा झाली, ट्रेक कशाची. तोवर पट्ट्याच्या टोकाला पुढचे चार घोडे खोळंबलेले असतील, आणि त्यातला एक ठेलाऱ्याचा, लगाम सैल सोडलेला, उभ्या उभ्या डोळे मिटून घेत असेल. पंचांनी निकाल काहीही दिला तरी रेवाल चाल पहिल्यांदाच मीटर आणि सेकंदांत लिहिली जाईल. पुढच्या मार्गशीर्षात घोडा घ्यायला आलेला माणूस भोवरे बघेलच, त्याला कोण अडवणार. पण त्यानंतर तो शनिवारचे गुणपत्रक मागेल का, हे त्याच्या खिशावर आणि व्यापाऱ्याच्या जिभेवर ठरेल.